मीठुं बंध

हृदय कमजोर झाल्याने वडील आठ दिवस दवाखान्यात होते. सुट्टी देताना नर्सबाईंनी गुजरातीत बजावलं, "काका, मीठुं बिलकुल बंध. अने रोज वजन करजो."

गुजरातेत येऊनही पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये वडिलांची तीस वर्षं हिंदी बोलण्यात गेली. रिक्षात त्यांनी आम्हाला अर्थ सांगितला, "मीठा बंद. म्हणजे गोड खायचं नाही." गुजरातीत मीठुं म्हणजे आपलं साधं मीठ, हे गोडादऱ्यात वाढलेल्या मला माहीत असायला हवं होतं. पण नर्सबाई बोलत होत्या तेव्हा मी फोनवर साहेबांकडे रजा मागत होतो.

पथ्य कडक सुरू झालं. वडील बिनसाखरेचा चहा एरंडेल प्यावं तसे प्यायचे. शेजारच्या गुजराती काकूंची डाळ गोडसर म्हणून परत गेली. गोड तुटलं म्हणून आईला त्यांची दया आली आणि तिने भरपाई केली: उडदाचे पापड, खारवलेल्या मिरच्या, लोणच्याचा खार.

वजन गल्लीतल्या भंगारवाल्याच्या काट्यावर व्हायचं. आठवड्यात साडेतीन किलो वाढले. त्यांनी अंग धरलं, असं आई गल्लीभर सांगत सुटली. पाय फुगून चपला जाईनात, तेव्हाही ती खूशच होती. खरं सांगायचं तर मीही.

नवव्या दिवशी त्यांना आडवं होता येईना. बसल्या जागी धाप लागली, ओठ काळेनिळे पडले. पुन्हा तोच दवाखाना, त्याच नर्सबाई. "मीठुं खाधुं?" त्यांनी दरडावून विचारलं. ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून वडील म्हणाले, "एक कण भी नहीं."

आईने पिशवीतून पापडांचा डबा काढला. "तोंडाला चव नाही त्यांच्या. यातला एखादा चालेल ना?"

नर्सबाई डब्याकडे बघतच राहिल्या. मग त्यांनी कपाळाला हात लावला. "अवं माय, मीठ बंद करानं सांगेल व्हतं, गोड नही."

बाई अमळनेरकडच्या निघाल्या. दोन खानदेशी माणसं एकमेकांना परकी समजून अदबीने दुसऱ्यांच्या भाषा बोलत होती.

"मंग आपली भाषामा काब सांगं नही, बैन?" वडील धापा टाकत म्हणाले. मला हसू फुटलं, आणि पाठोपाठ इतकी भीती वाटली की मी पलंगाची दांडी धरली.

ते वाचले. घरी आल्यावर आईने अळणी वरण वाढलं आणि ती त्यांच्याकडे न बघता बसून राहिली. वडिलांनी पहिला घास गिळला. "बेस व्हयनं," ते म्हणाले.

आईच्या हातच्या कशालाही त्यांनी याआधी चांगलं म्हटल्याचं मला आठवत नाही. ती उठली, मोरीत गेली आणि नळ सोडून बराच वेळ रडत राहिली.