पुस्तकात नसलेलं घुबड

घुबडाची गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय — तुम्ही माझ्या दादाला ओळखत नाही, म्हणून असेल.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, संपत. आमचं घर न्हावऱ्याच्या शिवारात, वस्तीवर. चुलते अजून मेंढरं घेऊन फिरायचे, पण आमचे वडील, आबा, शेतीला लागले होते आणि पोरांनी शिकावं म्हणून हट्टाला पेटले होते. दादा तिसरीत नापास झाला आणि मागून येऊन मी त्याला गाठलं. पाचवीपर्यंत आम्ही एकाच वर्गात, एकाच पुस्तकावर होतो.

त्याला वाचता येत नव्हतं. हे फक्त मला ठाऊक होतं. ‘घर’ला तो ‘धर’ म्हणायचा, वेलांटी कुठल्या बाजूची तेच त्याला कळायचं नाही. पण एकदा ऐकलं की पाठ. मग आम्ही युक्ती काढली. संध्याकाळी शेळ्या बांधल्या की मी धडा मोठ्यानं वाचायचे, तो डोळे मिटून ऐकायचा. दुसऱ्या दिवशी वर्गात पुस्तक धरून, ओळींवरून बोट फिरवत, घडाघडा म्हणायचा. पान कुठं उलटायचं तेही मी सांगून ठेवलेलं असायचं.

आणि म्हणायचा कसा — म्हातारा आला की आवाज म्हातारा, पोर आलं की पोराचा. मी मात्र बाजारात भाव सांगावेत तशी एका सुरात वाचायचे. एकदा गुरुजी सगळ्यांदेखत म्हणाले, “शोभा, भावाकडून शीक जरा वाचायला.”

पोरं हसली. दादाही हसला — निदान मला तसं वाटलं. रागाच्या भरात झालं, असं मला म्हणायचं नाही. राग त्याच संध्याकाळी गेला होता. मी जे केलं ते पुढच्या आठवड्यात, थंड डोक्यानं केलं.

तालुक्याहून साहेब तपासणीला येणार होते आणि दादा वाचून दाखवणार, हे ठरलं होतं. धडा एका जुन्या वडाचा होता. पारावरची माणसं, खारी, पोपट. मी वाचत होते, आणि पुस्तकावरची नजर न काढता मधेच एक घुबड घातलं. ‘ढोलीत एक आंधळं घुबड राहत असे. ते रोज विचारी, उजाडलं का?’ दादाला ते इतकं आवडलं, की त्यानं पुन्हा वाचायला लावलं. मी पुन्हा वाचलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांसमोर तो छान म्हणत होता. घुबड आलं तसा त्यानं आवाज घोगरा केला. पोरांची बोटं ओळीवर अडकली. गुरुजींनी पुस्तकात पाहिलं, साहेबांनी पाहिलं. मग साहेबांनी त्याच्या हातातलं पुस्तक घेऊन भलतंच पान उघडून दिलं आणि शांतपणे म्हणाले, वाच.

त्यानं पहिल्या ओळीवर बोट ठेवलं, पुढं सरकवलं, परत मागं आणलं. शेवटी म्हणाला, “साहेब, अक्षरं हालत्यात.”

सगळा वर्ग हसत सुटला. मी हसले का? हसले. मान खाली घालून, पण हसले. साहेब गेल्यावर गुरुजींनी त्याला पहिलीच्या पोरांत नेऊन बसवलं. गुडघे पोटाशी घेऊन तो शाळा सुटेपर्यंत तिथं बसून होता.

एवढंच असतं तर कधीतरी बोलून टाकलं असतं. पण माझं खरं पाप त्यानंतरचं आहे.

घरी येताना ओढ्यापाशी तो थांबला. रागावलेला नव्हता. त्याच्या मनात माझ्याबद्दल संशय आलाच नव्हता — हेच मला आजही सोसत नाही.

“शोभे, घुबड तू वाचलं व्हतंस ना गं? का माझ्याच डोक्यात आलं?”

‘हो’ म्हणायला काय लागत होतं?

“न्हाई,” मी म्हणाले. “पुस्तकात घुबड न्हाई, तर मी कशाला वाचीन?”

 तो हळूच म्हणाला, “म्हंजी आता ध्यानात बी ऱ्हाईना व्हय मला.”

अक्षरं त्याच्याजवळ कधी नव्हतीच. ध्यानात राहणं तेवढं होतं, तेही मी काढून घेतलं. त्यानंतर तो मला कधी ‘धडा वाच’ म्हणाला नाही. आबांनी मारलं, समजावलं, पण तो शाळेत गेला नाही. केडगावकडच्या एका गुऱ्हाळावर कामाला लागला.

मी शिकले. शिक्षिका झाले. पुढं खूप वर्षांनी दौंडला आमचं प्रशिक्षण होतं. तिथं एका मॅडमनी फळ्यावर ‘डिस्लेक्सिया’ लिहिलं आणि हुशार असूनही अक्षरांपाशी अडणाऱ्या मुलांबद्दल सांगितलं. सगळे उतरवून घेत होते. मी खिडकीबाहेर बघत बसले. हे गुरुजींना माहीत नव्हतं, आबांना नव्हतं, मलाही नव्हतं. पण पुस्तकात घुबड नाही, हे मला माहीत होतं.

दादा आता खुटबावला असतो, अजून गुऱ्हाळावरच. कुणी काही सांगितलं की दोनदा विचारतो. डोक्यात राहत नाही म्हणतो. दवाखान्याची चिठ्ठी असो की लग्नपत्रिका, एसटीनं माझ्याकडे घेऊन येतो. त्याची पोरगी वाचायला निघाली तर तिला म्हणतो, “आत्या वाचील ते खरं.”

मी वाचते. तो पूर्वीसारखे डोळे मिटून ऐकतो. संपलं की विचारतो, “एवढंच हाय ना त्यात?”

“एवढंच,” मी म्हणते.