नातालीन मावशीचा निरोप

थापाड्या माणसाच्या प्रार्थना देव कुठल्या कप्प्यात ठेवत असेल, हा प्रश्न मला वर्षभर छळतो आहे. माझी ख्याती तुम्हाला ठाऊक नसेल, पण अख्ख्या मालवणला ठाऊक आहे. मोझांबिकच्या मिशनवर मी दोन वर्षं जीप चालवली आणि मलेरिया घेऊन परत आलो. तिथे एकच सिंह पाहिला, तोही लांबून आणि पाठमोरा. इथे चर्चच्या सभागृहात सांगता सांगता तोच सिंह माझ्या जीपच्या टपावर बसून तीस मैल हिंडला. फादर हसायचे, बायका क्रूसाची खूण करायच्या, आणि मिशनसाठी प्रार्थना करणारे वाढायचे. थापेने प्रभूचं काम होत असेल तर थापेला पाप कोण म्हणेल, असं मी मनाशी म्हणे.

त्याच मिशनच्या दवाखान्यात आमच्या वाडीतली सिस्टर ज्यूली नर्स आहे. तिची आई, नातालीन मावशी, कानांनी ठार बहिरी आणि निरक्षर. फोन पुढे केला की म्हणे, "माका ऐकाक येणा नाय, त्या डब्यात मी काय बोलू?" म्हणून फादरांनी मला नेमलं. दर महिन्याला मावशीकडे जायचं, ती सांगेल तो निरोप ज्यूलीला लिहून धाडायचा. परदेशात राबणाऱ्या आपल्या माणसाला घरून बळ मिळावं, एवढाच हेतू.

मी बळाचे डोंगर धाडले. मावशी म्हणायची, "बरी आसंय म्हणान सांग." मी लिहायचो, तुझी आई माशांची पाटी घेऊन सगळ्यांच्या आधी बाजार गाठते आणि किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढणाऱ्या गड्यांना ओरडून पळवते. ती म्हणायची, "देव तुका सांभाळू दे." त्याचं मी अर्ध्या पानाचं प्रवचन करायचो. ज्यूली उलट कळवायची, आईचे शब्द मी सगळ्या वॉर्डाला वाचून दाखवते. मग काय, मला पंखच फुटले!

गेल्या पावसाळ्यात मावशी खाटेला खिळली. मला जवळ बोलावून म्हणाली, "तिका लिही, एकदा येवन जा. माका तिका बघूचा आसा." मी मान डोलावली आणि लिहिलं नाही. दवाखान्यात तिच्याशिवाय दुसरी नर्स नाही, असं कारण मी स्वतःला दिलं. खरं म्हणजे माझ्या पत्रातली बाजारात धावणारी मावशी खाटेवर कशी आणायची, ते मला सुचेना. पुढच्या महिन्यात तिने विचारलं, "येतला मां चेडू माझा?" मी पुन्हा मान डोलावली. आता दोन्हीकडे थापच चालली होती.

ऑक्टोबरात, मिशनसाठी प्रार्थना करायच्या रविवारी, आंबोलीच्या छोट्या चर्चमध्ये मला बोलायला बोलावलं होतं. परतताना एसटी बंद पडली. दुसरी येईपर्यंत सगळे उतारू एका टपरीत शिरले, आणि बसलेले श्रोते दिसल्यावर माझी जीभ थोडीच बसणार? सिंह सोडला. मग ज्यूलीला आणलं, जी एकेका हाताने दोन दोन बाळंतपणं करते! लोक हसले. कणसं भाजणारी टपरीवाली तेवढी हसली नाही. मिशन म्हणजे काय हेही तिला ठाऊक नसावं. ती म्हणाली, "चेडवाक इतक्या लांब धाडल्यान, ती आवस काय म्हणता?"

ज्यूलीच्या आईबद्दल सांगायला मी तोंड उघडलं. जन्मात पहिल्यांदा त्यातून काही निघालं नाही.

"काय रे? मेली काय?"

"नाय. वाट बघता."

"मगे सांगलंस चेडवाक?"

बाहेर पाच हातांपलीकडचं दिसत नव्हतं. अशा धुक्यात तिथे फोन लागत नाही म्हणतात. त्या दिवशी लागला. एवढंच सांगतो, पुढे काही जोडत नाही. ज्यूलीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "कधीपासून?" मी म्हटलं, जुलैपासून. तिने फोन ठेवला.

सहाव्या दिवशी दुपारी ती आली. दोनच दिवस आधी मावशीची वाचा गेली होती.

खाटेच्या कडेवर बसून ज्यूली मला म्हणाली, "दादा, आये माका काय काय सांगी, ता सांग. तुझा नको. तिचा."

मी बसलो आणि आठवू लागलो. काही केल्या आठवेना. जे वाक्य वर येई ते माझंच, नक्षीदार. मावशीचं त्याच्याखाली कुठे बुडालं ते सापडेना. एका आईचं वर्षभराचं बोलणं माझ्या हवाली होतं आणि मी ते हरवून बसलो होतो. प्रभो, एक तरी दे, म्हणून डोळे मिटले.

तेव्हा आठवलं. मी निघताना उंबऱ्यापर्यंत येऊन मावशी दर महिन्याला म्हणायची, "तिचे पाय अजून सुजतत काय, इचार हां." हे मी कधीच लिहिलं नव्हतं. मिशनला जाणाऱ्या पत्रात सुजलेले पाय कसले घालायचे! फेकून दिलं होतं, म्हणूनच त्याला माझा हात लागला नव्हता.

ते मी सांगितलं. ज्यूलीने झगा जरासा वर उचलला. तीन विमानं बदलून घोटे टम्म फुगले होते. तिने आईचा हात उचलून त्यावर ठेवला. मावशीचा अंगठा हलला की नाही, ते मला विचारू नका. मी समोरच होतो, पण साक्षीदार म्हणून मी बाद आहे.

तीन दिवसांनी मावशी गेली. ज्यूली परत आपल्या दवाखान्यात गेली. जाताना मला रागावली नाही, आणि तेच अजून सलतं. पण एक दुपार मिळाली, तीही माझ्या हुशारीने नव्हे, एका अनोळखी बाईच्या साध्या प्रश्नाने, याबद्दल प्रभूचे उपकार मानतो. आता ज्यूलीला मीच माझ्या नावाने लिहितो. पाऊस सरला, आईच्या कबरीवर गवत आलंय, काल मी कापलं. तीन ओळी होतात. चौथी जिभेवर येऊन नाचू लागते. तेव्हा म्हणतो, प्रभो, ही तू ठेव, आणि पाकीट बंद करतो.