आधी जागा, मग बॉल

लिफ्टमध्ये शिरली की ती पाय फाकवून उभी राहायची, कोपरं जराशी बाहेर काढायची आणि पाठीने मागच्या माणसाला हळूच कोपऱ्यात सरकवायची. सुपरमार्केटच्या रांगेतही तेच. तुम्ही असता तर तुम्हीही तिच्यापुढे घुसू शकला नसता. मी डोळे वटारले की म्हणायची, "आधी जागा, मग बॉल. सवय आहे, काय करू?"

सवय घरातली. नागपूरला एका खोलीत सात माणसं. वडील हातगाडीवर केळी विकायचे. माल खपला नाही की घरात केळ्यांचंच जेवण. झोपायला जमीन पुरत नसे. "मी सगळ्यांत लांब. पाय दाराबाहेर. बहिणीले पाठीनं रेटलं नाही तं मी पूर्णच बाहेर!" हे सांगताना ती खदाखदा हसायची. मला हसू यायचं नाही. तसल्या जेवणाची चव मलाही ठाऊक आहे.

शाळेच्या मैदानावर त्या लांब पायांना काम मिळालं. मग सरकारी खात्याची टीम, देशाची टीम आणि शेवटी दुबईत आमच्या क्लबची पगारी फॉरवर्ड. फॉरवर्ड म्हणजे बास्केटखाली धक्के खाणारी. बॉल रिंगवर आपटून परतला की समोरच्याला पाठीने अडवायचं, आपली जागा सोडायची नाही. यात तिचा हात धरणारी मी पाहिली नाही.

मी त्या क्लबची फिजिओ. आमच्या घरात कॉलेज बघितलेली पहिली मी, हे मी मुद्दाम सांगते. बाबांनी इथेच, दुबईच्या अल क्वोज या कारखान्यांच्या भागात, पत्र्याच्या शेडमध्ये वेल्डिंग केलं. आमचं कोर्टही तसल्याच एका शेडमध्ये. ती मला 'डॉक्टरीणबाई' म्हणायची.

"मी डॉक्टर नाही गं ताई, फिजिओ."

"कॉलेजात गेली ना? मग झालं."

तिच्या शेवटच्या सीझनला सेमीफायनलमध्ये तिचा गुडघा मुरगळला. लिगामेंट अर्धं फाटलेलं. डॉक्टर म्हणाले, पट्टी बांधून थोडं चालेल, पण उडी मारून वाकडी पडली तर गुडघा आयुष्यभराचा गेला. खेळवायचं की नाही ते तुम्ही त्या वेळी बघून ठरवा.

म्हणजे मी.

फायनलला ती बाकावर बसली, ओठ मिटून. समोरच्यांची परदेशी सेंटर, म्हणजे बास्केटखालची त्यांची सगळ्यांत उंच खेळाडू, एकेक बॉल काढून नेत होती. आमची आघाडी वितळत चालली. आमचे लेबनीज कोच माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "यल्ला, लवकर! फिट ऑर नॉट?"

सगळा बाक माझ्याकडे बघायला लागला. 'नाही' म्हणणं सोपं होतं. ती खाली बघत म्हणाली, "याच्यानंतर मी खेळणार नाही, तुले माहीत आहे. शेवट बाकावर नको."

मी तिच्या गुडघ्याशी बसले. दाबून पाहिलं, वाकवून पाहिलं. "खेळ. पण उडायचं नाही. एकही उडी नाही."

"बाप्पा! बास्केटबॉल आहे हे, लगोरी नाही."

"कबूल असेल तर पट्टी बांधते. नसेल तर बस."

तिने पाय पुढे केला. "बांध. जागा धरतो मी."

बास्केटखालून बाहेर ओढायला बघितलं, धक्के दिले, कोपर मारलं, तरी ती सेंटर तिला हलवू शकली नाही. आमचा एकच पॉइंट जास्त उरला होता, आणि शेवटचा शॉट त्यांचा. बॉल रिंगवर आपटला आणि वर उडाला. सगळा हॉल बॉलकडे बघत होता. मी तिच्या टाचा बघत होते.

टाचा उचलल्या.

"नको गं!" मी किंचाळले.

टाचा टेकल्या. पाय फाकले, कोपरं बाहेर आली. तीच लिफ्टमधली पोझ. सेंटर तिच्या पाठीवर आदळली, हात लांबवत राहिली, पण पोचली नाही. बॉल खाली पडून उसळला आणि आमच्यातल्या सगळ्यांत बुटक्या मुलीने तो पोटाशी धरला. भोंगा वाजला.

मी पळत गेले. ती जमिनीवर बसली होती.

"दुखतंय?"

"बॉलले हातच नाही लागला माझा," ती म्हणाली. मग हळूच, "उडणारच होती मी. इतक्या गोंगाटात मराठीत कोण बोंबलून राहिलं म्हणून थांबली."

महिन्याभराने ती स्वतःच्या पायांनी विमानात चढली. आता नागपूरला पोरींना शिकवते. इथे लिफ्टमध्ये हल्ली मला कोणीही कोपऱ्यात ढकलतं.

क्लबने सन्मान-भिंतीसाठी फोटो मागितला, तेव्हा तिने त्याच क्षणाचा पाठवला. ताणलेली मान, मागे ती सेंटर, आणि बॉल फोटोत नाहीच. मॅनेजरने दुसरा मागितला. तिने तोच पुन्हा पाठवला.

तो आता कोर्टाच्या दाराशी लागला आहे. आमच्या क्लबच्या सन्मान-भिंतीवर आलेली ती पहिली भारतीय खेळाडू आहे.