खरं बोलणारा टीव्ही

“खोटं बोलतोय.”

भाऊ असं म्हणाले की समजायचं, समोर माणूस नाही, यंत्र आहे. माणसांना त्यांनी कधी खोटारडं म्हटलेलं मी ऐकलं नाही. पण बसस्टँडवरचं घड्याळ, माझ्या स्कूटरचा पेट्रोलचा काटा, किराणा दुकानातला वजनकाटा, या सगळ्यांवर त्यांचा कायमचा संशय. मान जरा तिरकी करायची, एक डोळा बारीक करायचा आणि शांतपणे निकाल द्यायचा. वैताग असा की निकाल बहुतेक वेळा बरोबर निघायचा.

बजाजनगरात आमची घरं भिंतीला भिंत लागून होती. वाळूजच्या एका कारखान्यात भाऊ पत्रा दाबून आकार देणाऱ्या पॉवर प्रेसवर ऑपरेटर होते आणि मी हजेरी बघणाऱ्या टाइम ऑफिसात कारकून. ते मूळचे गंगापूरकडचे. वडील मेंढरं राखायचे, आणि कळपातलं एक मेंढरू लंगडायला लागलं तर त्यांना दुरून कळायचं म्हणे. भाऊंना चालत्या प्रेसच्या आवाजावरून ढिला झालेला नट कळायचा. आमच्या घराण्यात मात्र चार पिढ्या कागदावर गेलेल्या. घरातला बल्ब बदलायलाही मी भाऊंना हाक मारायचो.

त्यांची प्रेस दोघांनी चालवायची होती. समोरचा माणूस पत्रा आत सरकवणार, अलीकडून ऑपरेटर मशीन चालवणार. समोरच्याचा हात आत राहिला आणि प्रेस खाली यायला लागली, तर लाल बटण दाबायचं काम ऑपरेटरचं. भाऊंच्या समोर बारा वर्षं एकच माणूस होता, लातूरकडचा, लई बडबड्या. त्या बारा वर्षांत भाऊंनी ते लाल बटण किती वेळा दाबलं हे त्याला ठाऊक होतं, म्हणून तो डोळे झाकून हात आत घालायचा.

मग एके दिवशी दुरुस्ती करताना भाऊंचाच उजवा हात मशीनमध्ये सापडला. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाची पेरं गेली, उरलेल्या बोटांच्या शिरा जोडाव्या लागल्या. बरे होऊन आल्यावर त्यांना गेटवर स्टूल मिळालं. सहा महिने हलकं काम, नंतर डॉक्टर तपासणार आणि मग ठरणार, मशीन की स्टूल. भाऊ रोज त्या स्टुलावर बसायचे आणि आत प्रेसचा ठोका पडला की मान तिरकी करायचे. मला ते बघवत नसे.

ती सगळी दुष्काळाची वर्षं. नळाला आठवड्यातून एकदा पाणी, तेही आलं तर. बाकी टँकरवर भिस्त. शहर मात्र वाढतच होतं. जालना रोडला काचेची दुकानं उभी राहत होती आणि आमच्या कॉलनीमागच्या ज्वारीच्या रानात फ्लॅट होत होते. तिथं राहायला येणारा प्रत्येक जण भिंतीवरचा सपाट टीव्ही घ्यायचा आणि जुना डबा टीव्ही भंगारात द्यायचा.

हाताला व्यायाम म्हणून डॉक्टरांनी भाऊंना रबरी चेंडू दिला होता. तो त्यांनी तीन दिवस दाबला.

“मी काय वासरू हाय का, एकच रवंथ करत बसायला?” ते म्हणाले.

तरुणपणी ते गुलमंडीच्या एका पार्लरमध्ये व्हिडिओ गेम खेळायचे आणि तिथं त्यांना कुणी हरवू शकत नसे, हे मला वहिनींकडून कळलं. वहिनींना ते लग्नात कौतुकानं सांगण्यात आलं होतं. आता भाऊंनी तसंच यंत्र घरी बनवायचं काढलं. गेमचा जुना सर्किट बोर्ड कुठूनतरी पैदा केला. बटणं भंगारातल्या मशीनची, तळहाताएवढी, हिरवीगार. खोक्यासाठी त्यांनी वहिनींच्या माहेरचं पत्र्याचं कपाट पुढून कापलं. वहिनी दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी बोलल्या ते माझ्याशी.

“पाण्याच्या टाकीला घरात जागा नाय, अन् यांना दगड फोडायला जागा पायजे. तुम्हीच सांगा भावजी.”

दगड म्हणजे गेममधले. वरून दगड पडायचे, खाली एक विमान. दगड अंगावर यायच्या आत गोळी मारायची, इतकंच. कपाट शेवटी ओट्यावर आलं आणि त्यात घरातला सपाट टीव्ही बसला. टँकरची वाट बघणाऱ्या रांगेला आयती करमणूक झाली.

पण भाऊ हरू लागले. पहिल्या मिनिटालाच विमान फुटायचं. रांगेतले लोक हसायचे आणि भाऊही हसायचे, पण चार दिवसांनी त्यांनी खेळणं थांबवलं. मी विचारलं तर म्हणाले, “हात गेला, साहेब. डॉक्टरला इचारायचं काम नाय.” मला ते गमतीनं साहेब म्हणत. त्या दिवशी त्यांच्या आवाजात गंमत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी मला ओट्यावर बोलावलं. हिरव्या बटणाला त्यांनी आणखी एक वायर जोडून एक छोटा दिवा पडद्याशेजारी बसवला होता. बटण दाबलं की दिवाही लागणार आणि गोळीही सुटणार. “बघा,” म्हणाले आणि दाबलं. आधी दिवा लागला. मग, अगदी क्षणभरानं, गोळी सुटली.

“खोटं बोलतोय!” भाऊ टीव्हीकडं बोट दाखवत ओरडले. इतक्या आनंदानं कुणी कुणावर खोटेपणाचा आरोप केलेला मी पाहिला नव्हता.

मग सुरू झाला टीव्हीचा शोध. बोर्ड, बटण आणि दिवा जेवणाच्या मोठ्या डब्यात घालून भाऊ मला घेऊन जालना रोडच्या दुकानात गेले. डब्यातून वायरी लोंबत होत्या. वॉचमननं आम्हाला दारातच अडवलं आणि मी टाइम ऑफिसचं ओळखपत्र दाखवून आमची सुटका केली. आतला विक्रेता भला होता. त्यानं एकामागून एक टीव्ही जोडू दिले. भाऊ प्रत्येकासमोर मान तिरकी करत, बटण दाबत आणि नकार देत.

“काका, हे सगळ्यात भारी मॉडेल आहे,” विक्रेता काकुळतीला आला. “चित्र बघा ना, पाणी खरं वाटतं!”

“पाणी लई झ्याक हाय,” भाऊ म्हणाले. “पण उशिरा येतंय. आमच्या नळासारखं.”

उत्तर मिळालं जाफरगेटच्या रविवारच्या बाजारात. तिथं जुन्या टीव्हींच्या ढिगात एक म्हातारे मेकॅनिक बसलेले होते. त्यांनी डबा उघडून पाहिला, दिव्याची युक्ती पाहिली आणि भाऊंच्या पाठीवर थाप मारली.

“नवा टीव्ही पैले सोचता, बाद में दिखाता, मियां. ये डब्बा सोचताच नै. जो आया, दिखा दिया.”

त्यांनी एक धुळकट टीव्ही जोडला. भाऊंनी बटण दाबलं. दिवा आणि गोळी एकदमच. भाऊंनी पुन्हा दाबलं, पुन्हा, असं कितीतरी वेळा. मग तो मणाचा धोंडा माझ्या स्कूटरवर बांधून आम्ही वाळूजपर्यंत आणला. वाटेत भाऊ मागं बसून गात होते. गळा चांगला नव्हता.

दोन आठवडे भाऊ रोज खेळले. दगड फुटू लागले. डॉक्टरांनी मूठ आवळायला लावली, ‘मशीनवर काम करण्यास योग्य’ असं लिहिलं आणि तो कागद माझ्या टेबलावर आला. भाऊंची सही तेवढी बाकी होती. मी कागद घेऊन पेढ्यांसकट त्यांच्या ओट्यावर गेलो.

“आधी एक डाव खेळा माझ्याशी,” भाऊ म्हणाले. “तुम्ही पण उजव्या हातानं.”

खेळलो, आणि मी जिंकलो. पेनापलीकडे काही न उचललेला माणूस मी. दोन्ही हात वर करून ओरडलो आणि तेवढ्यात भाऊंचा चेहरा पाहिला. आणखी पाच डाव झाले. त्यातले दोन मी मुद्दाम हरलो. ते त्यांना कळलं.

“थोडासाच उशीर हाय,” ते हाताकडं बघत म्हणाले. “दुसऱ्या कुणाला कळायचा नाय.”

“मग करा ना सही, भाऊ. डॉक्टरनं लिहून दिलंय.”

“डॉक्टरनं मूठ बघितली. लाल बटण मुठीनं दाबत नसतेत.”

“डाव्यानं दाबा.”

“बटण उजवीकडं हाय. डावा तिथवर पोचंपर्यंत समोरच्याचा हात गेला.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी मोठ्या साहेबांना जाऊन सांगितलं, मशीन नको, स्टूलच बरं. प्रेस शॉपमध्ये एकच बोललं गेलं: भाऊ घाबरले. सगळ्यात मोठ्यानं बोलायचा तो समोरचा लातूरकर. त्याला भाऊंची आठवण यायची, म्हणून राग. “एकदा काय लागलं, वाघाची शेळी झाली,” असं तो गेटवर भाऊंच्या तोंडावर म्हणाला. भाऊ नुसते हसले.

मी चिडलो. खरं काय ते सांगून टाका म्हणालो.

“नाय सांगायचं,” भाऊ म्हणाले. “आता त्याच्या समोर दुसरा ऑपरेटर आलाय. खरं कळल्यावर ह्यो त्या नव्याच्या हाताकडं बघत बसला, तर सवताचा हात इसरंल.”

तुम्हीही आयुष्यात स्वाभिमानी माणसं पाहिली असतील. मीही पाहिली आहेत. पण आपली सबब मोडून काढायला बाजार धुंडाळणारा माणूस मी एकच पाहिला. मी असतो तर तो सपाट टीव्हीच ठेवला असता आणि जन्मभर त्याला शिव्या देत, हात शाबूत आहे असं मानून मशीनवर बसलो असतो. हे लिहिताना मला माझी लाज वाटते आणि भाऊंचा फार अभिमान वाटतो.

भाऊ स्टुलावरूनच निवृत्त झाले, गावी गेले आणि दीड वर्षात हृदयविकारानं वारले. दहाव्याला मी कायगावला गोदावरीवर गेलो. लातूरकरही आला होता. घाटाच्या पायरीवर माझ्याशेजारी बसला आणि म्हणाला, “माणूस सोन्यासारखा व्हता. फकस्त शेवटाला भ्याला.”

तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. दिवा, गोळी, माझा जिंकलेला डाव, न झालेली सही.

“मला काऊन नाय सांगितलं?” शेवटी त्यानं विचारलं.

मी भाऊंचं उत्तर सांगितलं. खाली नदीच्या उथळ पाण्यात विधी चालले होते. गुरुजींनी पाणी द्यायला सगळ्यांना बोलावलं. लातूरकर उठला नाही. दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून तो त्यांच्याकडे बघत बसला होता. दहाही बोटं जागच्या जागी होती.