पलीकडच्या काठाचं पाणी

“सही कुठे आहे?” कुलकर्णी साहेबांनी नकाशा माझ्यापुढे सरकवला.

“केलेली नाही,” मी म्हटलं.

“तेच विचारतोय. का नाही?”

बहात्तर सालची गोष्ट. प्रवरेच्या काठी, कोल्हारच्या खालच्या अंगाला, एका नव्या विद्यापीठाचा कॅम्पस उभा राहत होता. कुलकर्णी साहेब तिथले मुख्य इंजिनिअर आणि मी त्यांच्या हाताखाली प्लॅनर. म्हणजे इमारत कशी बांधायची ते इतर ठरवत, ती कुठे बांधायची ते मी. बाईमाणूस साइटवर फिरतं याचंच लोकांना इतकं नवल होतं, की माझं म्हणणं ऐकायला कुणाला सवड नसे.

वाद वसतिगृहांचा होता. कुलगुरूंना मुलांच्या खिडकीतून नदी दिसायला हवी होती. मी पूररेषा दाखवली. मोठ्या पुरात पाणी जिथवर चढतं ती रेषा. तिच्या आत काही बांधायचं नाही, इतका साधा नियम. वर्षभर डोकेफोड करून मी वसतिगृहं वरच्या माळावर नेली आणि काठ मोकळा ठेवला. कमिटीनं मान्यही केलं. मग दुष्काळ पडला आणि सरकार म्हणालं, दुष्काळी कामं काढा, पैसे आम्ही देतो. साहेबांना ही संधी वाटली. नदीच्या कडेनं मातीचा उंच बांध घालायचा, त्याला पिचिंग करायचं, म्हणजे उतारावर दगड बसवायचे, की वसतिगृहं पुन्हा काठावर आणता येणार होती. तीही फुकटात.

“बांध मजबूत होईल ना?”

“होईल.”

“मग अडचण काय?”

“पाणी पलीकडे जाईल, साहेब.”

एसटीच्या बाकावर एकजण ऐसपैस बसला की शेजारचा कडेवरून घसरतो. नदीचंही तसंच. पुराला रुंदी लागते. एका काठानं ती दिली नाही, तर ती दुसऱ्याकडून घेते. पलीकडचा काठ सखल होता आणि तिथे एक वस्ती होती.

“पलीकडचं आपल्या हद्दीत येत नाही,” साहेब म्हणाले.

मी सही केली नाही. प्लॅनरच्या सहीशिवाय तांत्रिक मंजुरी नाही आणि मंजुरीशिवाय काम नाही. मी जिंकले, असं मला वाटलं.

आठवडाभरात बायकांचा घोळका ऑफिसच्या दारात आला. त्याच पलीकडच्या वस्तीतल्या. नदी कोरडी ठणठणीत, पात्रातूनच चालत आल्या होत्या. पुढे शरीफाबी होती. तिचा नवरा बैल विकायला म्हणून घोडेगावच्या बाजारात गेला होता, तो परत फिरकलाच नव्हता.

“काम तुमी आडवलंय म्हनं, बाई?”

मी नकाशा घेऊन पायरीवर बसले आणि तिला सगळं समजावलं. बांध कुठे येईल, पाणी कुठे वळेल, तिची वस्ती कुठे आहे. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“म्हंजी पूर आला तर पानी आमच्या घरात?”

“हो.”

“नदीत झिरे खांदून वाटीवाटीनं पानी भरतोय, आन तुमी आमाला पुराचं भ्या घालता व्हय?” मागे कुणीतरी हसलं. ती हसली नाही. “सासू आंथरुनाला हाय. दोन लेकरं हायेत. घरात रेशनच्या मिलो जवारीचा दाना न्हाई. पूर यील तवा यील. तवर जगाया नको?”

मी दुसरं काम शोधलं. रस्ता, झाडांचे खड्डे, काहीही. तालुक्याच्या ऑफिसात सांगितलं, सगळ्यात जवळचं कामही लांब आहे, तिथे बिऱ्हाडासकट जावं लागेल. अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीला कोण नेणार? शेवटी मी साहेबांपुढे अट ठेवली, वस्ती आधी उंचावर हलवायची.

“लिहा की नकाशावर,” साहेब म्हणाले.

मी लाल शाईनं अट लिहिली आणि सही केली.

काठ माणसांनी भरून गेला. बाभळींना झोळ्या टांगल्या, दुपारी सुकडीचा पौष्टिक खाऊ वाटला जाऊ लागला. शरीफाबीच्या पोरांच्या गालांवर पुन्हा मांस दिसायला लागलं. त्या वस्तीतलं कुणी उपाशी मेलं नाही, हेही मला सांगितलं पाहिजे. अटीचं मात्र काही झालं नाही. मी विचारायची आणि साहेब म्हणायचे, जागा बघणं चालू आहे. मला त्यांचा इतका राग यायचा की समोरचा चहा तसाच टाकून मी उठून जायची.

पुढच्या पावसाळ्यात नदी आली. बांधावर उभी राहून मी बघत होते. पिचिंगचा एक दगड हलला नाही. आमच्या बाजूला वसतिगृहाच्या पायाच्या चरात पुराचा थेंब नव्हता. पलीकडे आधी भिंती गेल्या, मग छपरं. माणसं माळावर पळाली. म्हातारीला उचलायला वेळ मिळाला नाही.

पाणी ओसरल्यावर मी नावेतून पलीकडे गेले. शरीफाबी चिखलातून भांडी काढत होती. तिनं मला शिव्या घालाव्यात असं मला फार वाटत होतं.

“तुमी सांगितल्तं, बाई,” ती म्हणाली. मग हातातलं भांडं पदरानं पुसत, “पाऊस झाला म्हनून कामं बंद केली म्हनत्यात. आता ही घरं उचलायचं काम निघंल का? घमेलं हाय माझ्याकडं.”

काम निघालं नाही. वसतिगृहं काठावर झाली आणि खिडकीतून नदी छान दिसते.

बांधाच्या फाइलवर ‘स्थानिकांची हरकत नाही’ असा शेरा होता. तो खोटा नव्हता. पण उपाशी माणसाची कशालाच हरकत नसते, हे प्लॅनिंगच्या कोर्समध्ये मला कुणी शिकवलं नव्हतं. तेव्हा सही केली नसती तर काय झालं असतं, याचा हिशेब मी अजून मांडते. पुढे नोकरीभर असे शेरे समोर आले, की मी आधी एकच विचारायची, विचारलं तेव्हा त्यांच्या घरात दाणे होते का? आणि मीटिंग पुढच्या विषयाकडे जायची.