तबेल्याच्या वासाचं रिझर्व्ह

तिसऱ्या लाकडी बॅरलमधूनही तोच वास आला, तेव्हा मी ग्लास खाली ठेवला आणि किसनमामांना हाक मारली.

किसनमामा तळेघरकडचे. आमच्या वायनरीत पंधरा वर्षं सेलर सांभाळतात. सेलर म्हणजे वाइन मुरत ठेवायची थंड खोली. मामा स्वतः वाइन पीत नाहीत. त्यांच्या मते ते आंबलेलं सरबत. पण नाक माझ्यापेक्षा चांगलं.

"मामा, कसला वास येतोय बघा बरं."

मामांनी ग्लास नाकाशी नेला आणि लगेच लांब धरला. "शर्यतीच्या घाटात बैलांच्या म्होरं पळून आलेलं घोडं हाय ताई. घामानं न्हालेलं. आन् त्याला कुनीतरी औषधाची पट्टी चिकटवलीया."

पुस्तकात याच वासाचं वर्णन दोन पानं आहे. मामांनी तीन वाक्यांत संपवलं.

मी जुन्नर तालुक्यातल्या एका छोट्या वायनरीत वाइनमेकर आहे. केमिस्ट्रीत एम. एस्सी. केलं, तेव्हा आमच्या घोडेगावच्या घरी वाटलं होतं की मुलगी औषधांच्या कंपनीत जाईल. मी दारूच्या कंपनीत गेले. आई अजून पाहुण्यांना सांगते, द्राक्षाच्या रसाचा कारखाना आहे. दिवसाला तीस-चाळीस घोट तोंडात घेऊन थुंकणं हे माझं काम. आणि खरं सांगायचं तर काम संपल्यावर मला प्यावीशी वाटते ती थंडगार बिअर. बहुतेक वाइनमेकरांचं तसंच असतं, फक्त कुणी बोलत नाही.

त्या वासाचं नाव ब्रेट. हे एक रानटी यीस्ट. यीस्ट म्हणजे रसाची वाइन करणारा सूक्ष्मजीव. आम्ही घालतो ते यीस्ट आपलं काम करून मरतं. ब्रेट लाकडाच्या छिद्रांत दडून बसतं आणि सावकाश वाइनची फळाची चव खाऊन तिथे तबेला ठेवून जातं. पिणाऱ्याला अपाय काही नाही. पण बॅरल एकदा बिघडलं की धुऊन भागत नाही, आणि एका नळीतून ते शेजारच्या बॅरलमध्ये जातं. ही बारा बॅरल मालकांनी एका बंद पडलेल्या वायनरीकडून जुनी घेतली होती. नको म्हणाले होते मी. "लाकूड ते लाकूड," असं उत्तर मिळालं होतं.

मालक म्हणजे संपतभाऊ. द्राक्षाचे मोठे बागायतदार, मनाने चांगले, कानाने हलके. मी त्यांना सेलरमध्ये बोलावून सांगितलं की ही बाराही बॅरल बाटलीत भरायची नाहीत. वाइन ब्रँडी करणाऱ्या कारखान्याला द्यायची आणि बॅरल इथून आजच बाहेर काढायची.

"चौदा महिने मुरवलं ते काय बाहेर काढायला?" भाऊ म्हणाले. "थांबा. मिलिंद सरांना ईवू द्या."

मिलिंद सर पुण्याचे. परदेशात कुठला तरी वाइनचा कोर्स केलेले. पेपरात वाइनवर लिहितात, हॉटेलांना सल्ले देतात, आणि खिशात स्वतःचा कॉर्कस्क्रू बाळगतात. शनिवारी आले. ग्लास तिरका धरला, फिरवला, डोळे मिटले. भाऊ आणि मी शेजारी उभे. मामा दाराशी, हातात पाइप घेऊन.

"वॉव," सर म्हणाले. "धिस इज ओल्ड वर्ल्ड. अस्सल युरोपची धाटणी. चामडं. ओलं जंगल. आणि मागे एक सुंदर तबेला."

"सर, तो ब्रेट आहे," मी म्हटलं. "लॅबचा रिपोर्ट आहे माझ्याकडे."

"मॅडम, रिपोर्ट पिता येत नाही. फ्रान्समध्ये लोक यासाठी रांगा लावतात."

"थोडा असेल तर काहींना आवडतो, मान्य. इथे दुसरं काही शिल्लकच नाही. यात द्राक्ष सापडतंय का तुम्हाला?"

सर हसले. लहान मुलाने चंद्र मागितल्यावर हसतात तसे. "पॅलेट डेव्हलप व्हावा लागतो," ते म्हणाले. पॅलेट म्हणजे जीभ. डेव्हलप झालेली जीभ म्हणजे दुसऱ्याला गप्प करणारी जीभ.

संध्याकाळी भाऊंनी मला ऑफिसात बोलावलं. "ताई, तुमी म्हनता तबेला हाय म्हनून टाकून द्या. त्ये म्हनतात तबेला हाय म्हनून रिझर्व्ह करा." रिझर्व्ह म्हणजे खास राखून ठेवलेली, महागाची वाइन. "तबेला दोघांनाबी दिसतोय. मग मी कुनाचं आयकू?"

"भाऊ, तुम्हाला स्वतःला आवडली का?"

"मला काय कळतंय त्यातलं? आपन व्हिस्कीवालं."

बाटलीत भरण्याच्या कागदावर वाइनमेकरची सही लागते. मी करणार नाही म्हणाले. या भागात वायनऱ्या किती, आणि वाइनमेकरच्या नोकऱ्या किती? भाऊंनी कागद आपल्याकडे ओढला. मग म्हणाले, "एकच बॅरल भरू. तीनशे बाटल्या. पुढच्या रविवारी जेवन ठिवतो, हॉटेलवाली पार्टीबी बोलवतो. लोकांनी नाक मुरडलं तर तुमचं खरं."

"चालेल. पण टेबलावर दुसरंही सगळं ठेवायचं. बिअर, व्हिस्की, आणि आपली साधी पांढरी वाइन, लेबल न लावता, जगमध्ये."

"व्हिस्की तर ठिवनारच," भाऊ म्हणाले. त्या एका बॅरलच्या कागदावर सही त्यांनी स्वतः केली.

त्या रविवारी दुपारी तीस पाहुणे आले. जेवायला मासवडी आणि रस्सा. मिलिंद सरांनी उभं राहून दहा मिनिटं तबेल्यावर भाषण केलं. सगळ्यांना रिझर्व्हचा अर्धा ग्लास दिला. सगळ्यांनी फिरवला. एक डॉक्टर "कॉम्प्लेक्स आहे" म्हणाले. त्यांच्या मिसेसनी "लेदर, येस, लेदर" म्हणत पर्सकडे बघितलं. हॉटेलची पर्चेस मॅनेजर दोनदा "इंटरेस्टिंग" म्हणाली. आमच्या धंद्यात इंटरेस्टिंग म्हणजे लग्नाच्या स्थळाला "मुलगा स्वभावाने चांगला आहे" म्हणण्यासारखं. पण नाक कुणी मुरडलं नाही. एकानेही नाही. भाऊंनी लांबून माझ्याकडे बघितलं. झालं, मी हरले, असं वाटलं. मी आत जाऊन उगाच एक टाकी तपासली.

बाहेर आले तेव्हा साडेतीन वाजले होते. पाहुणे आंब्याखाली खुर्च्या टाकून बसले होते. हातात बिअर, नाहीतर जगमधली पांढरी. डॉक्टर पांढऱ्यात बर्फ टाकून पीत होते आणि चोरून नव्हे, उघड. आणि टेबलावर, कठड्यावर, तुळशीच्या कुंडीमागे रिझर्व्हचे ग्लास जसेच्या तसे उभे होते.

"मामा, बादली आणा," मी म्हटलं. "आणि लॅबमधला मापाचा जार."

पाहुणे गेल्यावर आम्ही दोघांनी एकेक ग्लास जारमध्ये ओतून मोजला. भाऊ बघत उभे राहिले. तीस अर्ध्या ग्लासांतलं जवळजवळ सगळं परत बादलीत आलं. प्रत्येकाने एक घोट घेतला होता, तोही बेताचा. पांढऱ्याचे जग मात्र कोरडे. बिअर दोनदा आणावी लागली होती.

"सरांचा गिलास कोंचा?" भाऊंनी विचारलं.

मामांनी कुंडीमागचा एक उचलून दाखवला. कागदी रुमालाने नीट झाकलेला होता. "सर पांढरीच पीत व्हतं. चार गिलास. मीच भरून दिलं. इचारत व्हतं, ही कोन बनवतं म्हनून."

भाऊंनी तो ग्लास घेतला, एक घोट प्यायले, आणि तोंड धुवायला नळाकडे गेले. परत आले ते मिशा पुसत. "उद्या गाडी बोलवा. अकराच्या अकरा बॅरल घालवा, आन् ते बारावं रिकामंबी."

घालवली. वाइन ब्रँडीच्या कारखान्यात गेली. लाकूड मामांनी कापलं, आणि पुढच्या हंगामात रोगाची निशाणी कुठेच नव्हती.

राहिल्या त्या एका बॅरलच्या बाटल्या. मला वाटलं होतं, धूळ खात पडतील. पण मिलिंद सरांनी पेपरात अर्धं पान लिहिलं. जुन्नरच्या मातीतला ओल्ड वर्ल्ड चमत्कार, वगैरे. लेण्याद्रीला आलेली पुण्याची मंडळी वाकडी वाट करून आमच्याकडे यायची आणि रिझर्व्हच मागायची. मी प्रत्येकाला आधी चाखा म्हणायचे. ते चाखायचे, थोडे दचकायचे, आणि तरी घ्यायचे. दीड महिन्यात सगळ्या संपल्या. भाऊ काही दिवस माझ्याशी जरा जपून बोलत होते, बाकीची अकरा उगाच घालवली असं वाटत होतं त्यांना.

मग त्यांनीच एक दिवस विचारलं, "ताई, त्या घोड्याची कुनी दुसऱ्यांदा मागनी केली का वो?"

मी रजिस्टर उघडून दाखवलं. घेणाऱ्यांपैकी एकानेही नाही.

या धंद्यातल्या एकवीस वर्षांत मी एवढंच शिकले. पहिली बाटली माणूस दुसऱ्याच्या जिभेने विकत घेतो. दुसरी स्वतःच्या. पगार दुसरीवर चालतो.