पुरी गाठोडी

खाडीत जाताना काय न्यायचं ते मला काशीमावशीनं शिकवलं. मी साताऱ्याकडची, गुडघाभर पाण्यालासुद्धा घाबरणारी, त्यामुळे ते ज्ञान आजवर वायाच गेलंय. नव्वद सालानंतर माझ्या मालकांना तुर्भ्याला नोकरी लागली आणि आम्ही तळवलीत मावशीच्या घराला लागून असलेली खोली भाड्यानं घेतली. तिच्या ओट्यावर बसून मी लसूण सोलायची आणि ती गाठोडी बांधायची. तिवरांच्या झाडीतल्या चिखलात शिरून चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, धरणाऱ्या बाईची गाठोडी ती. डोक्यावर बांधली तर लांबून अंबाडाच वाटेल एवढीशी.

तिच्यात तांदळाची एक भाकर, थोडी सुकट, मेणबत्ती आणि काडेपेटी. काडेपेटी दुधाच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळायची, वरून रबर लावायचं. भरतीनं कोंडलं तर तिवरावर चढून चिंधी पेटवायची, म्हणजे होडीवाल्यांना दिसते. बस्स, एवढंच. मी एकदा विचारलं, "मावशी, पाणी नको? दोरी नको?"

"ती वेनूकडं," ती म्हणाली.

वेणूबाई पलीकडच्या आळीतली. या दोघींचं मिळून एकच सामान होतं. पाण्याची बाटली, दोरी आणि जखमेवर दाबायला हळदीची पुडी वेणूबाईकडं. भाकर आणि विस्तव काशीमावशीकडं. मावशीच्या आईनं घालून दिलेला दंडक होता तो. "पुरी गाठोडी कुनी बांधायची नाय," मावशी सांगायची. "पुरी बांधली का मानूस एकटा जातो. आन एकट्याला खाडी परत देत नाय." भाकर एकीकडं आणि पाणी दुसरीकडं असलं की कुणी कुणाला सोडून चार पावलं पुढं जात नाही. मला तेव्हा ते फार गोड वाटायचं. नवराबायकोंनीही असं करावं, असं मी आमच्या मालकांना म्हटलं, तर ते पेपरातून मान वर न काढता 'हं' म्हणाले.

वेणूबाई पनवेलकडून लग्न होऊन आलेली. तिला खाडी ठाऊकच नव्हती. चिखलात पाय सपाट टाकायचा की बोटांवर, चिंबोरीचं बीळ कुठलं आणि सापाचं कुठलं, सगळं मावशीनं हाताला धरून दाखवलं. आणि शेवटी आईची जागाही दाखवली. दोन खाजणांच्या, खाऱ्या दलदलींच्या, मधे, जुन्या बांधाच्या पोटाशी, जिथं अंगठ्याएवढ्या नांग्यांच्या चिंबोऱ्या मिळत. ती जागा मावशीनं स्वतःच्या सुनेलासुद्धा सांगितली नव्हती. वेणूबाई मला आवडायची नाही, असं आता म्हणणं सोपं आहे. खरं सांगायचं तर आवडायची. आली की दारातूनच हसायची, मला 'साताऱ्याची राणी' म्हणायची.

एका वर्षी दिवाळीनंतर वेणूबाईचा पाय दुखायला लागला. आज नको, उद्या बघू, असं चाललं. मावशी एकटी कशी जाणार? तिच्याकडं दोरी कुठं होती? ती घरीच राहिली. वर संध्याकाळी ओव्याचं तेल गरम करून वेणूबाईचे पाय चोळायला जायची. परत आली की म्हणायची, "टाचांना भेगा पडल्यात गो तिच्या. बिचारी." मी पण मेली भोळी, मीच एकदा तेलाची वाटी तिच्या घरी पोचवून आले.

पाय बरा झाला आणि दोघी पुन्हा निघाल्या. पुढचं मी मावशीच्या तोंडून ऐकलं. आईच्या जागेपाशी पोचल्यावर मावशी पुढं झाली, तर नेहमीच्या वाटेवरचा चिखल कुणीतरी तुडवून तुडवून सैल केलेला. तिचा पाय गेला तो मांडीपर्यंत गेला. दुसरा टेकवला, तोही गेला. भरती लागली होती. पाणी कमरेला येऊन भिडलं. "वेने, दोरी टाक गो!" ती ओरडली.

वेणूबाई बांधावर होती. घाईघाईत तिनं गाठोडी सोडून उपडी केली, कारण दोरी तळाशी होती. आधी भाकर पडली. मग मेणबत्ती. मग दुधाच्या पिशवीत गुंडाळलेली काडेपेटी, वर रबर लावलेली, अगदी मावशीनं शिकवली तशी.

मावशीची स्वतःची काडेपेटी तर तिच्या डोक्यावर होती.

"काडेपेटी तुजेकडं कनाला गो?" कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून तिनं कारण विचारलं.

"आदी दोरी धर."

"कनाला, वेने?"

"धर बोलते ना!"

मावशीनं दोरी धरली. वेणूबाईनं जीव खाऊन ओढली, तिचे तळहात सोलले. हे मावशी प्रत्येक वेळी सांगते, काही लपवत नाही. वर आल्यावर दोघी चिखलानं माखून बांधावर बसल्या. तिथंच कळलं, पाय दुखतो सांगून दिवाळीपासून वेणूबाई एकटी येत होती, पुरी गाठोडी घेऊन, आईच्या जागेवर. टाचांच्या भेगा तिथल्याच होत्या.

"तुजे संगं आली का तुजी वाट बगत बसाला लागतं," ती म्हणाली. "तुजे पाय आता चालत नाय, काशे. बोलनार कसं तुला?"

जे पाय मावशी चोळत होती, त्यांची मालकीण हे बोलली. मला कुणी असं म्हटलं असतं तर मी तिथंच तिच्या झिंज्या धरल्या असत्या. मावशी उठली आणि चालत घरी आली, वेणूबाईच्या पुढं.

दुसऱ्या दिवशी ओहोटीच्या वेळी वेणूबाई दारात आली. हसली नाही. तिनं कनवटीची काडेपेटी काढून ओट्यावर ठेवली. "घे. आता माझी अर्दीच हाय. चल."

मावशी तांदूळ निवडत होती. "पुरी बांदाला शिकलीस तू," ती म्हणाली. "आता अर्दी कशी करशील?"

वेणूबाई आल्या वाटेनं परत गेली. मावशी पुन्हा खाडीत गेली नाही. कोपरखैरण्याच्या नव्या बिल्डिंगींत सुकी मासळी विकायला लागली.

मी एकदा तिची समजूत काढायला गेले. म्हटलं, "मावशी, कशी का असेना, तिनं जीव तर वाचवला तुमचा."

मावशीनं टोपली खाली ठेवली.

"तेच तर, पोरी," ती म्हणाली. "काडेपेटी दिसाच्या आदी चिकलानं गिळलं असतं तं बरं झालं असतं. वेनू माझी हाय, या समजुतीत तरी गेली असती."